आधी तुरुंग, मग खुर्चीचा त्याग

कोल्हापुरात जुन्या राजवाड्यासमोर उभे राहिले, की राजर्षी शाहू महाराजांची आठवण होते. त्यांच्या आधी या गादीवर असलेले तरुण चौथे शिवाजी महाराज मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. त्यांना वेड लागले आहे, असे इंग्रज सरकार सांगे. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी लोकांत कुजबुज होती. या कुजबुजीपायी पंचविशीतल्या एका संपादकाने तुरुंग पाहिला. तो संपादक म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

आगरकरांचा जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी दारिद्र्य. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, असे त्यांच्या विद्यार्थिदशेबद्दल सांगतात. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची वाट मोकळी होती. पण त्यांनी चिपळूणकर-टिळकांबरोबर शाळा आणि वर्तमानपत्र पत्करले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले.

कोल्हापूर प्रकरणात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने बर्व्यांवर सडकून टीका केली. बर्व्यांची म्हणून काही पत्रे हाती आली होती. त्यांवर दोघा तरुण संपादकांनी विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची शिक्षा झालीच. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे सुटले, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत अंत झाला.

तुरुंगाने आगरकरांची खुर्ची गेली नाही. ती गेली घरातल्याच वादाने. बालविवाह, विधवांचे केशवपन, संमतिवय यांवर ते आपल्याच समाजाला बोचेल असे लिहू लागले. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, यावरून टिळकांशी मतभेद वाढले. सहकाऱ्यांना ते लेख पत्राचे मत म्हणून नको होते. एकदा चूक कळताच भर कोर्टात माफी मागणारा हा माणूस आता माघार घेईना, कारण आपण चुकलो असे त्याला वाटतच नव्हते. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला.

वर्षभरात, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. ज्यांनी जयजयकार केला होता, त्यांच्यापैकीच कित्येक आता संतापले. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली! दम्याने शरीर पोखरले होते, तरी लेखणी थांबली नाही. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी, अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, म्हणतात.

पुढे १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या गादीसाठी आगरकर तुरुंगात गेले, त्याच गादीने त्यांच्या मनातले काही खरे करून दाखवले. ते पाहायला आगरकर मात्र नव्हते.