डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

आंध्र देशातील भीमावरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची. विद्यार्थिदशेतच पितृछत्र हरपले. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. परंतु तिसऱ्या खेपेस मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून ते उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असता त्यांनी खादीव्रत स्वीकारले. त्यामुळे इंग्रज अध्यापकाची गैरमर्जी होऊन त्यांना पूर्ण पदवीऐवजी एल. एम. एस. या कनिष्ठ पदवीवर समाधान मानावे लागले. याहून दारुण आघात म्हणजे ‘स्प्रू’ नामक संग्रहणीच्या विकाराने त्यांचे दोन बंधू आठ दिवसांच्या अंतराने मृत्युमुखी पडले.

सासऱ्यांच्या साहाय्याने सुब्बाराव अमेरिकेस गेले. बोस्टन येथे रुग्णालयात रात्री हलकीसलकी कामे करून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात अध्ययन चालविले. तेथे फिस्क या अध्यापकांसह १९२५ साली त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. स्नायूंना शक्ती पुरविणाऱ्या ए. टी. पी. या द्रव्याचा शोधही त्यांनी १९२९ साली लाविला. तथापि तेथे कायमची जागा न मिळाल्याने १९४० साली ते लेडर्ले प्रयोगशाळेत गेले.

तेथे त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. ज्या स्प्रूने बंधूंचा घास घेतला, त्याच रोगावर हे औषध गुणकारी ठरले!

या आम्लावाचून पेशीला आपले जनुकद्रव्य घडविता येत नाही व तिची वाढ खुंटते. रक्ताच्या कर्करोगात पेशी अनावर वाढतात. तेव्हा त्यांचे हे खाद्यच तोडावे, अशी कल्पना बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांस सुचली. सुब्बारावांच्या मंडळीने फॉलिक आम्लासारखेच दिसणारे अमिनोप्टेरिन बनवून दिले. खऱ्या किल्लीसारखी खोटी किल्ली कुलपात अडकून बसावी, तसे हे द्रव्य पेशीतील आवश्यक विकरास जखडून टाकते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात सोळा मुलांपैकी दहांना उतार पडल्याचे नमूद आहे. तो उतार तात्पुरता होता. परंतु औषधाने हा रोग मागे हटतो, हे सिद्ध झाले. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

कर्करोगावरील औषधांचे अन्य वर्गही आहेत. नायट्रोजन मस्टर्डसारखी औषधे जनुकद्रव्याच्या धाग्यांस परस्परांशी जखडतात. तर आपल्या अंगणातील सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन पेशीचे विभाजन मध्येच थांबविते. मात्र केसांची मुळे, तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशीही त्वरेने वाढणाऱ्या असल्याने त्यांनाही इजा पोहोचते. म्हणून केस गळणे, तोंड येणे हे त्रास रुग्णास सोसावे लागतात. आणि मात्रा ठरविताना वैद्यास अत्यंत सावध राहावे लागते.

ऑगस्ट १९४८ मध्ये वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी न्यूयॉर्क येथे सुब्बारावांचे निधन झाले. मायभूमीचे पुनर्दर्शन त्यांना घडले नाही. कीर्तीची त्यांनी कधी हाव धरली नाही. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेतील अपयशाने खचून जाण्याचा प्रसंग आला, तर दोनदा नापास झालेल्या या थोर पुरुषाचे चरित्र अवश्य आठवावे.