थांबण्याचे शास्त्र शिकवणारा डॉक्टर

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रविवारची रात्र कशी असते, हे तिथे काम केलेल्यालाच ठाऊक. सुट्टीला वणी, त्र्यंबकेश्वर, शिर्डी करून परतणारी कुटुंबे, कसारा घाट चढून मुंबईहून घरी येणारे चाकरमानी. या गर्दीत एक चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही. एकाच गाडीतले दोघे आत येतात. पुढे सीट बेल्ट लावून बसलेला खांदा चोळत स्वतःच्या पायांनी येतो आणि मागच्या सीटवर निवांत बसलेला स्ट्रेचरवरून. नातेवाइकांना मात्र ते खरे वाटत नाही. मागची सीट म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा ही समजूत काही दिवस तरी हलली. गाडी महागडी, एअरबॅग असलेली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे स्नेही जागीच गेले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. काही आठवडे सगळीकडे चर्चा झाली. मग आपण पुन्हा पूर्वीसारखे बसू लागलो.

वेगात असलेली गाडी अचानक थांबली तर माणसाच्या शरीराचे नेमके काय होते? या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टरने पुस्तकात शोधले नाही, स्वतःच्या हाडांवर शोधले. त्यांचे नाव जॉन पॉल स्टॅप. एके काळी पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान माणूस म्हणून त्यांचे चित्र अमेरिकेतल्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते. आज गाडीत बसताना आपण जो पट्टा ओढतो, त्यामागे या माणसाचे मोठे ऋण आहे.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमध्ये झाला. आई-वडील अमेरिकन मिशनरी होते. चार भावांत हे थोरले. शिक्षणासाठी ते अमेरिकेत आले. कॉलेजात असताना नाताळच्या सुट्टीत नातेवाइकांकडे गेले असता त्यांचा लहानगा चुलतभाऊ शेकोटीच्या आगीत भाजला. त्या बाळाची त्यांनी दिवसरात्र शुश्रूषा केली, पण बाळ वाचले नाही. डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले. घरी पैशांची चणचण असल्याने वाट लांबली. आधी प्राणिशास्त्र, मग जीवभौतिकीत पीएचडी आणि शेवटी १९४४ साली, चौतिसाव्या वर्षी, वैद्यकीय पदवी. त्याच वर्षी ते लष्कराच्या हवाई दलात डॉक्टर म्हणून रुजू झाले.

दुसऱ्या महायुद्धात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आली होती. काही वेळा विमान कोसळून त्याचा चुराडा होई, तरी वैमानिक जिवंत सापडे. काही वेळा विमान बऱ्यापैकी शाबूत असे, पण वैमानिक मेलेला. असे का? त्या काळी तज्ज्ञांचे मत होते की माणूस १८ जीपेक्षा जास्त धक्का सोसूच शकत नाही. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे माप. आत्ता खुर्चीत बसलेल्या आपल्यावर एक जी आहे. १८ जी म्हणजे आपले वजन क्षणभर अठरापट झाल्यासारखे. धक्का याहून मोठा असेल तर माणूस मरणारच, मग मजबूत खुर्च्या आणि पट्टे करून काय उपयोग, असा तेव्हाचा हिशेब होता. स्टॅप यांना तो पटेना.

१९४७ साली कॅलिफोर्नियातल्या मुरॉक येथील हवाई तळावर त्यांना एक रेल्वेसारखा रूळ मिळाला. त्यावर रॉकेटने धावणारी आणि जोरदार ब्रेकने झटक्यात थांबणारी एक घसरगाडी होती. पहिल्या चाचण्यांत तिच्यावर माणसाच्या आकाराचा पुतळा बसवला. एका चाचणीत गाडी थांबली, पण पुतळा थांबला नाही. पट्टे तोडून, समोरची लाकडी फळी फोडून तो पुढे दूर जाऊन पडला. पट्टा लावला नाही किंवा तो कच्चा असला तर माणसाचे काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट धडा कोणता असणार?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॅप स्वतः त्या गाडीवर बसले. पहिल्यांदा ते पाठ पुढच्या दिशेला करून बसले होते, म्हणजे थांबताना सगळा भार पाठीवर आणि खुर्चीवर यावा. मग रॉकेटची संख्या वाढत गेली, ब्रेक कडक होत गेले आणि पुढे तोंड करूनही चाचण्या झाल्या. बरगड्यांना तडे गेले, मनगट दोनदा मोडले, दातांतले सिमेंट निखळले, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाला. काही चाचण्या चिंपांझींवरही झाल्या. आजच्या नीतिनियमांत त्या बसणार नाहीत. पण सर्वांत जोखमीच्या जागी स्टॅप स्वतःच बसत. अठराची सीमा त्यांनी केव्हाच मागे टाकली. पट्टे रुंद असतील, हाडांवरून नीट गेले असतील, तर माणूस १८ जीच्या दुप्पट धक्का सोसू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

दिवसभर हे प्रयोग आणि मोकळ्या वेळात तळावरच्या जवानांच्या बायकामुलांना विनामूल्य तपासणे, असा त्यांचा क्रम होता. प्रसिद्ध मर्फीचा नियमही इथलाच. १९४९ साली एडवर्ड मर्फी नावाच्या अभियंत्याने आणलेली मोजयंत्रे उलटी जोडली गेली आणि चाचणी वाया गेली. जे चुकू शकते ते कधी तरी चुकणारच, हा त्यातून निघालेला विचार स्टॅप यांनी पत्रकारांपुढे मांडला आणि तो जगभर गेला. निराशेने नव्हे, तर चूक होणार हे गृहीत धरून आधीच तयारी करावी म्हणून. सीट बेल्टचे तत्त्वही तेच. अपघात होईल म्हणून नव्हे, झालाच तर म्हणून.

१० डिसेंबर १९५४. न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर त्यांची सर्वांत मोठी चाचणी झाली. नऊ रॉकेट पेटली आणि पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला. या वेगाने नाशिकहून मुंबई दहा मिनिटांत येईल. मग गाडी १.४ सेकंदांत थांबली. कमाल धक्का ४६.२ जी. त्या क्षणी शरीराचे वजन जणू साडेतीन हजार किलो झाले. डोळ्यांत रक्त उतरले, दिसेनासे झाले. दृष्टी जाऊ शकते हे ठाऊक असल्याने त्यांनी आधीच अंधारात कपडे घालण्याचा सराव केला होता. सुदैवाने काही वेळाने दिसू लागले. एवढ्या धक्क्यातून माणूस वाचला, कारण त्याला खुर्चीशी नीट बांधले होते.

इथून पुढचे काम मला डॉक्टर म्हणून अधिक मोलाचे वाटते. हवाई दलाच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आले की विमान अपघातांपेक्षा जास्त जवान साध्या मोटार अपघातांत दगावत आहेत. म्हणजे आकाशात जीव वाचवायचा आणि रस्त्यावर तो घालवायचा. वरिष्ठांना हा विषय हवाई दलाचा वाटत नव्हता. स्टॅप यांनी आकडे पुढे ठेवून आपले म्हणणे लावून धरले. १९५५ साली त्यांनी मोटार अपघातांवर डॉक्टर, अभियंते आणि संशोधकांची परिषद भरवली. त्यांच्या नावाने ती परिषद आजही दरवर्षी भरते. १९६६ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८पासून तिथे नव्या मोटारींत सीट बेल्ट बसवणे सक्तीचे झाले.

दरम्यान स्वीडनमध्ये नील्स बोलिन या अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी खांदा आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. तेही आधी विमानातल्या वैमानिकांच्या खुर्च्यांवर काम करत होते. १९५९ साली तो पट्टा मोटारीत आला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले. आज आपल्या गाडीत आहे तो हाच पट्टा. स्टॅप १९७०मध्ये निवृत्त झाले आणि १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, ८९ वर्षांचे होऊन, आपल्या घरी शांतपणे गेले. एकूण २९ वेळा रॉकेटगाडीवर बसलेला हा माणूस वेगाने मेला नाही.

त्यांच्या आयुष्याचा सारांश एका वाक्यात सांगता येईल: माणसाला वेग मारत नाही, चुकीच्या पद्धतीने थांबणे मारते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळली की गाडी थांबते, पण आतला न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. समोर काच, डॅशबोर्ड किंवा पुढची सीट असते. हा आघात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, तेव्हा पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात येतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथे हा आघात जवळपास सहापट होतो.

आता आईच्या मांडीवरच्या बाळाचा विचार करा. बाळ दहा किलोचे आहे आणि ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याची ताकद हवी. जगातली कोणतीही आई एवढे पेलू शकत नाही. बाळ हातातून सुटले, हा दोष आयुष्यभर स्वतःला लावून घेणारी आई मी पाहिली आहे. तिच्या मायेत काही कमी नव्हते. कमी होती ती फक्त एक बाळसीट.

आपल्याकडे मागच्या सीटचे बकल बहुधा सीट कव्हरखाली दडलेले असते. पट्टा लावला नाही की वाजणारी बीप बंद करायला काही जण रिकामी क्लिप खोचतात. २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशा क्लिप काढून टाकण्याचा आदेश दिला, तो उगीच नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात सीट बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. त्यांतले जवळपास निम्मे, ८,३३१, चालक नव्हते, प्रवासी होते.

म्हणून पुढच्या वेळी गाडी सुरू करण्याआधी एवढे करा.

• गाडीतल्या प्रत्येकाने, मागच्या सीटवरच्यांनीही, पट्टा लावावा. आजच सीट कव्हर उचलून मागची बकले बाहेर काढा.

• पट्ट्याचा वरचा भाग गळपट्टीच्या हाडावरून आणि छातीच्या मधून जावा. तो काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नका. खालचा भाग पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर घट्ट बसावा. पोटावर आलेला पट्टा आतड्याला आणि मणक्याला इजा करतो.

• गर्भवतींनीही पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, वरचा पट्टा पोटाच्या बाजूने.

• तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवा. बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते. पाठीवर भार घेणे हाच सुरक्षित मार्ग. सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तिची दिशा बदलू नका.

• मोठ्या मुलांना साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर सीट द्या, नाहीतर पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो. मुलांची जागा मागेच.

• एअरबॅग पट्ट्याला पर्याय नाही, जोड आहे. ती पापणी लवण्याआधी प्रचंड वेगाने फुगते. त्यामुळे एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली बाळसीट कधीही ठेवू नका. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. डॅशबोर्डवर पाय टाकून बसू नका, मुलांना सनरूफमधून उभे करू नका.

प्रवाशांनी पट्टा लावला नाही किंवा चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने अथवा बाळसीटने सुरक्षित केले नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चालकाला एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने पट्टा लावू नका. एका डॉक्टरने आपली हाडे मोडून जे शिकून ठेवले आहे, ते आपल्याला एका खटक्यात मिळते. तो खटक्याचा आवाज गाडीतल्या प्रत्येक सीटवरून ऐकू आला, मगच गिअर टाका.