समजून घ्या : फायलींच्या कुलपामागचे क्लॉड शॅनन

बोईसरला उतरताना लॅपटॉपची बॅग लोकलमध्येच राहिली, तर सालवडच्या घरी पोहोचेपर्यंत एकच धास्ती असते: आतल्या फायली कोणी उघडल्या तर? फायली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतील, तर चावीशिवाय त्यात निरर्थक अक्षरेच दिसतात. या कुलपामागचे गणित क्लॉड शॅनन यांनी मांडले.

कोण होते शॅनन?
त्यांचा जन्म १९१६ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. लहानपणी कुंपणाच्या काटेरी तारेतून त्यांनी मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र जोडले. १९४१ मध्ये ते बेल लॅब्समध्ये रुजू झाले. महायुद्धात गुप्त संदेशांवर काम करून त्यांनी १९४५ मध्ये अहवाल लिहिला. तो गोपनीय राहिला. त्यातील सिद्धान्त १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी काय सांगितले?
कुलपाची रचना शत्रूला ठाऊक आहे, असेच धरून चालावे; गुप्त राहायला हवी ती चावी. चावी आणि सांकेतिक मजकुराचा संबंध गुंतागुंतीचा असावा. मूळ मजकुरातील छोट्या बदलाचा परिणाम दूरवर पसरावा. आजची ‘एईएस’ पद्धत याच तत्त्वांवर चालते. विंडोजचे बिटलॉकर तीच वापरते.

तुमच्यासाठी काय?
अल्झायमरने स्मृती हरवलेले शॅनन फेब्रुवारी २००१ मध्ये गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने ‘एईएस’ला प्रमाण पद्धतीचा दर्जा दिला. चावी विसरली, तर फाइल मालकालाही उघडत नाही. म्हणून रिकव्हरी की कागदावर लिहा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, घरच्या कपाटात ठेवा.