सभासद जोतीराव फुले

महात्मा फुले म्हटले की आपल्याला १८४८ची मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. पण १८७६पासून १८८२पर्यंत हे गृहस्थ पुणे नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेली असते. माझ्यासारख्या बँकेत जन्म काढलेल्या माणसाला मात्र हे जोतीराव फार जवळचे वाटतात. इथे ते जमाखर्चाच्या वहीसमोर बसलेले दिसतात.

वही त्यांना नवी नव्हती. पोटासाठी त्यांनी कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. चुना किती लागतो, मजुराच्या हातात प्रत्यक्ष काय पडते आणि मधल्यामध्ये काय गळते, हे त्यांनी उन्हात उभे राहून पाहिले होते. १८७३च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी इंजिनिअर खात्यातल्या कामगारांच्या कारभारावर एक पोवाडाच जोडून दिला. कंत्राटदाराने खात्याचे असे वाभाडे काढायचे म्हणजे पुढच्या कामांवर पाणी सोडायची तयारी हवी. कर्जप्रकरणांच्या निमित्ताने मी पुष्कळ कंत्राटदार पाहिले. असा एकही भेटला नाही.

पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून शहरातले हौद भरले जाऊ लागले. हौद म्हणायला सार्वजनिक, पण महार-मांगांना तिथे घागर बुडवायची सोय नव्हती. जोतीरावांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद त्यांना मोकळा केला. म्हणजे गावाचे पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सभासद होण्याच्या आठ वर्षे आधीच देऊन ठेवले होते.

त्या वेळची नगरपालिका सरकारने नेमलेल्या मंडळींची. साहेब असे, सभ्य बोलणे असे, आणि ठराव बहुधा एकमताने होत. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारायला हजार रुपये खर्चावेत, असा ठराव आला. दख्खनचा मोठा दुष्काळ नुकताच उलटला होता. देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा १८७८चा कायदा याच लिटनसाहेबांचा. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे जोतीरावांचे म्हणणे. बत्तीस सभासदांत विरोधी मत पडले एकच, त्यांचे. रक्कम हजारच, पण ज्यांनी नेमले त्यांच्याच पाहुण्याच्या कमानींना नाही म्हणायचे होते. त्याच वर्षी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिले.

मग आली मंडई. भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरे. त्याऐवजी लाखोंचा खर्च करून दगडी इमारत बांधायचे घाटत होते. जोतीरावांनी तिलाही विरोध केला. आधी शिक्षण, इमारत मागाहून, हा त्यांचा हट्ट. गंमत अशी, की मांजरीला त्यांची स्वतःची बागायत होती. भाजी पिकवणाराच भाजीच्या इमारतीला नको म्हणत होता! मला विचाराल तर मंडईच्या बाबतीत त्यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात चिखलात बसणाऱ्या माळणीला डोक्यावर छप्पर हवेच होते. पण छपरावर तेवढा उंच मनोरा कशाला, हे तिने मागितले नव्हते आणि तिला कोणी विचारलेही नाही. इमारत झाली, गव्हर्नराच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हटली गेली. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आज पुणेकर पिशवी घेऊन जातो तो ज्याने नको म्हटले त्याच्याच नावाच्या मंडईत.

सभासदत्व संपल्यावर, १८८३मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातला पाण्याचा भाग आवर्जून वाचावा. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालावेत, पाणी आधी शेतात मुरावे आणि उरलेले नदीला जावे. तलाव बांधावेत, त्यांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा. कालव्याचे पाणी शेताच्या मानाने मोजून द्यावे. पाणलोट क्षेत्र हा शब्द आपल्या कानी पडण्याच्या कितीतरी आधीचे हे लिहिणे. कालव्याकाठी स्वतः शेती केलेल्या माणसाचे ते आहे. नुसत्या वाचनातून असे सुचत नाही.

नगरपालिकेशी त्यांचा शेवटचा संबंध २८ नोव्हेंबर १८९०ला आला. आपल्याला जाळू नये, घरामागे मिठात पुरावे, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी खड्डाही खणून ठेवलेला होता. घरचे लोक परवानगीसाठी गेले. राहत्या वस्तीत पुरता येणार नाही, असे नगरपालिकेने कळवले. दहन करावे लागले. सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन अंत्ययात्रेपुढे चालल्या. नंतर घराच्या आवारात त्यांच्या अस्थी ठेवून तिथे समाधी केली.