पनवती, प्रॉबॅबिलिटी आणि जेसी लिव्हरमोर

आमच्या विंगमध्ये कॅरमचे सलग तीन बोर्ड हरलेल्याला लगेच 'पनवती' ही पदवी मिळते. डिग्रीला चार वर्षं लागतात, ही दहा मिनिटांत मिळते! पण मित्रांनो, ज्याच्या धंद्यात वारंवार हरणं ठरलेलंच होतं, तरीही जो कोट्यधीश झाला, अशा एका माणसाबद्दल आज मला सांगायचंय.

जेसी लिव्हरमोरचा जन्म १८७७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. वडील शेतकरी. पोराने शेतीच करावी ही त्यांची इच्छा. पण पोरगा गणितात हुशार. चौदा-पंधराव्या वर्षी तो घर सोडून बॉस्टनला पळाला आणि एका शेअर दलालाच्या ऑफिसात फळ्यावर भाव लिहायच्या कामाला लागला. आकडे लिहिता लिहिता भाव कसे चालतात हे त्याच्या लक्षात येऊ लागलं. तेव्हा तिथे 'बकेट शॉप' असत. आपल्याकडच्या डब्बा ट्रेडिंगसारखाच प्रकार, शेअर घ्यायचा नाही, नुसती भावावर पैज. तिथे तो इतका जिंकायला लागला की दुकानवाल्यांनी त्याला बंदीच घातली!

पुढे न्यूयॉर्कला बरेच फटके खाऊन त्याची पद्धत तयार झाली. भाव ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने जायचं. आधी थोडेच शेअर घ्यायचे. अंदाज बरोबर निघाला तर आणखी घ्यायचे, चुकला तर छोटा तोटा सोसून गपचूप बाहेर पडायचं. आज याला ट्रेंड फॉलोइंग म्हणतात.

यात बहुतेक सौदे तोट्यातच जातात. समजा, दहापैकी सात वेळा १०० रुपये गेले आणि तीन वेळा ४०० मिळाले, तरी शेवटी ५०० रुपये उरतात. पण ते सात तोटे कधी येतील हे आपल्या हातात नाही. एम-थ्रीची प्रॉबॅबिलिटी आठवा. हरण्याची शक्यता ०.७ असेल तर सलग पाच हरण्याची शक्यता ०.७ चा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. इतकं कॉमन! याला पनवती कसं म्हणायचं? हे तर दुकानाचं भाडं झालं.

लिव्हरमोरला हे कळत होतं. १९०७ च्या घबराटीत त्याने एका दिवसात सुमारे १० लाख डॉलर कमावले असं सांगतात. पण लगेच १९०८ मध्ये एका कापूसतज्ज्ञाच्या नादाला लागून त्याने नफ्यातला गहू विकला आणि तोट्यातला कापूस धरून ठेवला. वर आणखी घेतला! कमाईचा मोठा भाग बुडाला. १९१५ ला दिवाळं निघालं. तरी तो पुन्हा उभा राहिला, कायद्याने माफ झालेलं कर्जसुद्धा त्याने फेडलं. १९२९ च्या पडझडीत सुमारे १० कोटी डॉलर मिळवले असं म्हणतात, आणि १९३४ ला पुन्हा दिवाळं.

हे वाचताना मला हसू आलं नाही, कारण मागच्या सेममध्ये मीही तेच केलं. २० दिवसांच्या सरासरीचा साधा नियम ठरवला होता. सलग चार सौदे हरलो, मिळून ७०० रुपये गेले. पाचवा सिग्नल आला तेव्हा घाबरून घेतलाच नाही. नेमका तोच शेअर वर गेला! मग चिडून एका मित्राच्या टिपवर मेसच्या बिलाचे ६००० रुपये लावले आणि घालवले. छोटे तोटे नियमाचे होते, मोठा तोटा माझ्या रागाचा होता.

१९४० साली लिव्हरमोरने शेअरबाजारावर स्वतःचं पुस्तक काढलं. तोटा लहान असतानाच कापा हे त्यात सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नैराश्याने खचून, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. बाजारातला तोटा कापता येतो, मनातला एकट्याने कापता येत नाही.

म्हणून विंगमध्ये कुणी सलग हरत असेल, पेपरात असो की पैशात, तर त्याला पनवती म्हणू नका. त्याच्या रूमवर जा आणि कटिंग पाजा. मला तेव्हा माझ्या रूममेटने पाजला होता.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स