केक खाऊ घालून खुन्यांना बोलतं करणारा बर्लिनचा पोलीस: 'एम' सिनेमातल्या इन्स्पेक्टरमागचा खरा माणूस

११ मे १९३१. बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा पहिला बोलपट झळकला. नाव एकाच अक्षराचं, 'एम'. लहान मुलांचे खून करणारा एक माणूस शहरात मोकाट फिरतोय आणि पोलीस त्याला शोधताहेत, अशी ही गोष्ट. आज सीरियल किलरच्या तपासावर जे सिनेमे आणि वेबसीरिज आपण पाहतो, त्यांचा मूळपुरुष म्हणून अनेकदा याच सिनेमाचं नाव घेतलं जातं.

सिनेमात लोहमान नावाचा एक जाडजूड, सिगार ओढणारा, निवांत वाटणारा पण कसलेला इन्स्पेक्टर आहे. हे पात्र बर्लिन पोलिसांतल्या एका खऱ्या अधिकाऱ्यावर बेतलेलं मानलं जातं. त्यांचं नाव एर्न्स्ट गेनाट. खुनाचा तपास कसा करायचा, याची जी पद्धत आज आपण गृहीत धरतो, तिच्या घडणीत या माणसाचा मोठा वाटा आहे.

तुरुंगाच्या आवारातलं बालपण

गेनाट यांचा जन्म १८८० सालचा, बर्लिनजवळच्या प्लॉट्झेन्से इथला. वडील तिथल्या तुरुंगात अधिकारी होते. त्यामुळे कैदी, पहारेकरी आणि कुलपं हे सगळं त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिलं. पुढे ते कायदा शिकायला विद्यापीठात गेले, पण पदवी न घेताच १९०४ मध्ये पोलिसांत भरती झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

पोलिसांचं मुख्यालय आलेक्झांडरप्लात्झ चौकात होतं. लाल विटांच्या त्या अवाढव्य इमारतीला बर्लिनकर लाल किल्लाच म्हणायचे.

तेव्हा खुनाच्या तपासाची अवस्था फारशी बरी नव्हती. खून झाला की हाताशी असतील ते अधिकारी गोळा करून पथक बनवायचं आणि काम झालं की ते मोडायचं. त्याहून मोठी अडचण घटनास्थळाची होती. सगळ्यात आधी पोहोचलेला शिपाई भल्या हेतूने खोली आवरायचा, मृतदेह उचलून पलंगावर नीट ठेवायचा. त्यात पुरावा पुसला जायचा.

खुनासाठी वेगळा विभाग आणि वेगळी गाडी

गेनाट यांनी वरिष्ठांच्या मागे लागून हे बदललं. १९२६ मध्ये बर्लिन पोलिसांत खुनांच्या तपासासाठी कायमस्वरूपी मध्यवर्ती विभाग सुरू झाला आणि त्याचे प्रमुख गेनाट झाले. पथकं आलटून पालटून तयारीत राहू लागली. प्रत्येक पथकात कोण असेल आणि कोणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं असायचं. पथक येईपर्यंत घटनास्थळी कशालाही हात लावायचा नाही, हा पहिला नियम.

मग आली खुनाची गाडी. गेनाट यांच्या सांगण्यावरून एक मोटार खास तयार करून घेतली गेली. तिच्यात टाइपरायटर, घडीचं टेबल, कॅमेरा, प्रखर दिवे, रबरी हातमोजे, चिमटे आणि पुराव्याच्या जागा दाखवणाऱ्या खुणा असं सगळं साहित्य होतं. थोडक्यात, चाकांवरचं पोलीस ऑफिस.

त्यांनी तिसरं काम केलं ते कागदांचं. देशोदेशीच्या खुनांची माहिती, बातम्यांची कात्रणं, तपासाचे तपशील हे सगळं त्यांनी विषयवार लावून ठेवलं. नवीन गुन्हा घडला की जुन्यांशी ताडून पाहायचं. संगणक नसलेल्या काळातला हा डेटाबेसच होता.

या सगळ्याचा परिणाम दिसला. १९३१ मध्ये बर्लिनमध्ये खुनाच्या ११४ प्रकरणांपैकी १०८ उलगडली, असा आकडा दिला जातो.

थर्ड डिग्रीला सक्त मनाई

गेनाट यांचा आणखी एक नियम होता. संशयितावर हात उगारणारा पोलीस त्यांच्या विभागात टिकायचा नाही. डोकं आणि संयम हीच आपली हत्यारं, असं ते सहकाऱ्यांना बजावायचे.

त्यांच्या खोलीत जुनाट सोफा होता. समोर केक असायचा, गूजबेरीचा केक तर त्यांच्या विशेष आवडीचा. आलेल्या माणसाला खाऊ घालायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि ऐकत राहायचं, ही त्यांची चौकशी. केकच्या नादात वजन बेसुमार वाढलं, आणि सहकाऱ्यांनी त्यांना गमतीने बुद्ध म्हणायला सुरुवात केली.

यात दयाळूपणा होता, तसा हिशेबही होता. मारून घेतलेला कबुलीजबाब खरा आहे की मार चुकवण्यासाठी दिलेला, हे कळायला मार्ग नसतो.

ड्युसेलडॉर्फची भीती

१९२९ मध्ये ड्युसेलडॉर्फ शहरात खुनांचं सत्र सुरू झालं. बळींमध्ये लहान मुली होत्या, तरुणी होत्या, एक पुरुषही होता. कधी कात्री, कधी सुरी, कधी हातोडा. हत्यारं आणि बळी इतके वेगवेगळे, की हे एकाच माणसाचं काम आहे असं पोलिसांना सुरुवातीला वाटेना. त्यातच दुसऱ्या हल्ल्यांसाठी पकडलेल्या एका मतिमंद तरुणाने आधीचे खूनही आपणच केल्याचं सांगून टाकलं. त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. खून मात्र थांबले नाहीत.

मदतीसाठी बर्लिनहून गेनाट आणि त्यांची माणसं आली. नोंदी, नकाशे, चौकशा, सगळं झालं, तरी खुनी सापडला नाही. मे १९३० मध्ये त्याच्या तावडीतून सुटलेल्या एका तरुणीने मैत्रिणीला पत्र लिहिलं. ते चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि तिथून पोलिसांपर्यंत पोहोचलं. तिने घर दाखवलं. पाठोपाठ खुन्याच्या बायकोनेही पोलिसांना माहिती दिली आणि २४ मे रोजी पेटर क्युर्टेन पकडला गेला.

जर्मनीतल्या सगळ्यात अनुभवी तपास अधिकाऱ्याला जे साधलं नाही, ते एका भरकटलेल्या पत्राने साधलं. गेनाट यांनी त्याच वर्षी या तपासावर सविस्तर लेखन केलं. त्यात क्युर्टेनसाठी त्यांनी जो जर्मन शब्द वापरला, त्याचा अर्थ एकामागोमाग एक खून करणारा, म्हणजेच आपण आज म्हणतो तो सीरियल किलर. या शब्दाच्या सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक मानला जातो.

पडद्यावरचा प्रश्न

एप्रिल १९३१ मध्ये क्युर्टेनला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि २ जुलैला गिलोटिनवर त्याचा शिरच्छेद झाला. 'एम' प्रदर्शित झाला तो या दोन तारखांच्या मध्ये. क्युर्टेन पकडला जाण्याआधीच पटकथा तयार होती, असं लांग सांगत. पण प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे ड्युसेलडॉर्फच होतं.

सिनेमात पोलिसांच्या धाडींमुळे गुन्हेगारांचाच धंदा बुडू लागतो. शेवटी तेच खुन्याला पकडतात आणि आपलं न्यायालय भरवतात. जमावाला त्याचा जीव हवा असतो. तेवढ्यात पोलीस पोहोचतात आणि त्याला कायद्याच्या ताब्यात घेतात.

दोन वर्षांत जर्मनीत नाझी सत्तेवर आले. 'एम'वर बंदी आली. लांग आणि खुन्याची भूमिका करणारे पीटर लोर, दोघांनीही देश सोडला. बर्लिन पोलिसांचे ज्यू उपप्रमुख बेर्नहार्ड वाइस यांना जीव वाचवायला पळावं लागलं. नोव्हेंबर १९३३ पासून सराईत गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला खटल्याशिवाय छळछावणीत डांबायचा अधिकार पोलिसांना मिळाला.

गेनाट नाझी पक्षात गेले नाहीत, पण खुर्चीही सोडली नाही. ते आपले खून सोडवत राहिले आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या गुन्हे पोलिसांचे उपप्रमुखही झाले. त्याच दलातले आर्थर नेबे पुढे हजारो ज्यूंची कत्तल करणाऱ्या पथकाचे प्रमुख बनले.

ऑगस्ट १९३९ मध्ये, महायुद्ध पेटायच्या काही दिवस आधी, गेनाट वारले. अंत्ययात्रेला सुमारे दोन हजार पोलीस होते. लाल किल्ला युद्धात उद्ध्वस्त झाला. खून झाला की आधी जागा बंद करायची, फोटो काढायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं, ही शिस्त मात्र टिकली. संशयिताला हात न लावण्याचा त्यांचा नियम त्यांच्या स्वतःच्या देशातही त्यांच्या हयातीतच मोडला गेला होता.