पंचावन्न वर्षांनी लागलेला रिझल्ट

सेमिस्टरचा रिझल्ट दोन महिने लांबला तर हॉस्टेलमध्ये आपण केवढा गोंधळ घालतो! मित्रांनो, मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय, त्यांचा रिझल्ट पंचावन्न वर्षांनी लागला. नाव पेटन राऊस.

जन्म १८७९, अमेरिकेतलं बाल्टिमोर. वडील लवकर गेले, आईने तिन्ही मुलांना वाढवलं. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टरी शिकताना शवविच्छेदन करत असताना बोट कापलं आणि क्षयाची लागण झाली. शिक्षण थांबलं. वर्षभर टेक्सासला गुरांच्या रँचवर काढून ते परत आले आणि डॉक्टर झाले. पण ओढ होती ती प्रयोगशाळेचीच.

१९०९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये लागले. तिथे त्यांच्याकडे कॅन्सरची गाठ असलेली एक कोंबडी आली. राऊस यांनी ती गाठ बारीक वाटली, पाण्यात कालवली आणि फिल्टरमधून गाळली. फिल्टर असा, की पेशी सोडाच, बॅक्टेरियाही पलीकडे जाणार नाहीत. गाळलेलं पाणी निरोगी कोंबड्यांना टोचलं, तर त्यांनाही गाठी आल्या! म्हणजे कॅन्सर करणारी वस्तू पेशीपेक्षा खूपच लहान होती. तो विषाणू होता. साल १९११. एका फिल्टरवर एवढा मोठा शोध, मला तर हे वाचून थक्कच व्हायला झालं.

पण ऐकतो कोण? कॅन्सर विषाणूमुळे होतो हे तज्ज्ञांना पटेना. उंदरांवर तोच प्रयोग जमेना. शेवटी १९१५ च्या सुमारास राऊस यांनी हा विषय सोडला. पण ते रुसून बसले नाहीत. टर्नर यांच्याबरोबर त्यांनी रक्त टिकवणारं द्रावण शोधलं. १९१७ मध्ये युद्धात जखमी सैनिकांसाठी रक्त साठवून ठेवता आलं, ते त्याच्याच जोरावर. १९३० च्या दशकात रिचर्ड शोप या मित्राने सशांच्या गाठींचा विषाणू त्यांच्या हाती दिला आणि राऊस पुन्हा जुन्या कामाला लागले.

नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. गंमत म्हणजे जावई अ‍ॅलन हॉजकिन यांना ते तीन वर्षं आधीच मिळालं होतं!

१९७० मध्ये राऊस गेले. हा विषाणू नेमकं करतो काय, ते नंतर कळलं. त्याच्यातला एक जीन पेशीचं वाढीचं बटण 'ऑन'वरच अडकवून ठेवतो, म्हणून पेशी वाढतच राहते. १९७६ मध्ये तर असं दिसलं, की तो जीन मुळात कोंबडीचाच, विषाणूने उचललेला.

आज हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसी काही कॅन्सर टाळतात. त्या वाटेवरचं पहिलं पाऊल एका कोंबडीपाशी पडलं होतं. माझ्या मते, १९११ चं उत्तर १९६६ इतकंच बरोबर होतं. फक्त पेपर तपासणाऱ्यांना वेळ लागला.